वापरलेल्या वंगण तेलाचे हायड्रोट्रीटमेंट: गंधक काढण्याच्या अभिक्रियेची कोटी दोन येते, ती खरी मानावी का?

मृण्मयी_केमिकल (धागाकर्ती)

नमस्कार.

मी रासायनिक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात असून वापरलेल्या वंगण तेलाच्या उत्प्रेरकी हायड्रोट्रीटमेंटची (उत्प्रेरकावर हायड्रोजन देऊन गंधकासारख्या अशुद्धी काढण्याची) गतिकी, म्हणजे अभिक्रियेच्या वेगाचा अभ्यास, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. गॅरेजवाल्यांकडून जमा केलेले काळे ऑइल आम्ही आधी तापवून त्यातील पाणी, पेट्रोल आणि डिझेल काढतो, नंतर निर्वात ऊर्ध्वपातन करतो आणि वर येणारा वंगणाचा अंश तेवढाच रिअॅक्टरसाठी घेतो. खाली उरणारा डांबरासारखा जाड अवशेष, ज्यात बहुतेक धातू आणि अॅडिटिव्हचे तुकडे अडकलेले असतात, तो बाजूला जातो. रिअॅक्टरमध्ये जाणाऱ्या तेलात गंधक ४००० पीपीएम आहे.

रिअॅक्टर १२ मिलिमीटर अंतर्व्यासाची उभी नळी आहे. त्यात अॅल्युमिनावरील निकेल-मॉलिब्डेनमचा २० मिलिलिटर उत्प्रेरक, १.३ मिलिमीटरच्या तीन पाकळ्यांच्या कांड्या न फोडता आणि काहीही न मिसळता भरला आहे. डीएमडीएस (डायमिथाइल डायसल्फाइड हा गंधकयुक्त द्रव) वापरून त्याचे सल्फाइडिंग केले, म्हणजे त्यातील धातूंचे क्रियाशील सल्फाइड बनवले. दाब ६० बार असून हायड्रोजनचे प्रमाण दर घनमीटर तेलामागे ४०० नॉर्मल घनमीटर आहे. तेल आणि वायू दोन्ही वरून खाली येतात.

तापमान ३४० अंश सेल्सिअस ठेवून एलएचएसव्ही, म्हणजे दर तासाला उत्प्रेरकाच्या आकारमानाच्या किती पट तेल जाते तो आकडा, २, १ आणि ०.५ असा बदलला तेव्हा बाहेर पडणाऱ्या तेलात गंधक अनुक्रमे १६२०, १०१० आणि ५९० पीपीएम मिळाले. पहिल्या कोटीचे समीकरण (वेग उरलेल्या गंधकाच्या प्रमाणात) लावल्यास दर स्थिरांक १.८१, १.३८ आणि ०.९६ प्रति तास असा घसरत जातो, म्हणजे तो स्थिरांक राहतच नाही. दुसऱ्या कोटीचे समीकरण (वेग उरलेल्या गंधकाच्या वर्गाच्या प्रमाणात) लावल्यास मात्र तो २.९४, २.९६ आणि २.८९ येतो. एलएचएसव्ही १ वर तापमान बदलून घेतलेले आकडे असे: ३०० अंशाला २२९०, ३२० ला १५९०, ३४० ला १०१० आणि ३६० ला ६२० पीपीएम. पहिल्या कोटीने यावरून सक्रियण ऊर्जा, म्हणजे तापमानाबरोबर वेग किती झपाट्याने वाढतो ते सांगणारा आकडा, सुमारे ६१ किलोज्यूल प्रति मोल निघते.

माझ्या मार्गदर्शकांचे मत असे की कोणतेही एक गंधकसंयुग पहिल्या कोटीनेच नाहीसे होते, त्यामुळे दोन ही कोटी आकड्यांचा योगायोग आहे. आणि ६१ हा आकडा इतका कमी आहे की उत्प्रेरकाच्या छिद्रांतील विसरण (रेणूंचे आत पसरणे) वेगाला मर्यादा घालत असले पाहिजे. मला दोन्ही निष्कर्ष तितकेसे पटत नाहीत, परंतु ते खोडून काढण्याइतका आधारही माझ्यापाशी नाही. या विषयात काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_रिफायनरीवाला

प्रश्न सर्व आकड्यांसह मांडल्याबद्दल आधी आभार. या मंचावर बहुतेक वेळा आलेख असतो आणि अक्षांवर एककेच नसतात.

तुमच्या मार्गदर्शकांचे पहिले विधान बरोबर आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष त्यातून निघत नाही. प्रत्येक संयुग पहिल्या कोटीने जात असले तरी शेकडो संयुगांचे मिश्रण एकूण गंधकाच्या आकड्यात पहिल्या कोटीने वागत नाही, कारण चपळ संयुगे आधी संपतात आणि मागे राहतात ती हट्टी. संपर्ककाळ वाढेल तसा उरलेल्या गंधकाचा सरासरी दर स्थिरांक उतरत जातो, आणि तुमच्या १.८१, १.३८, ०.९६ या उतरंडीत नेमके तेच दिसत असावे. हे हाताने करून पाहता येते. मिश्रणातील संयुगांचे दर स्थिरांक घातांकी वितरणाने पसरले आहेत असे धरा, म्हणजे मंद संयुगे सर्वांत जास्त आणि वेगवान संयुगे क्रमाने विरळ. प्रत्येक संयुगाचा पहिल्या कोटीचा ऱ्हास या वितरणावर संकलित केला की उरलेला अंश बरोबर एक भागिले, एक अधिक सरासरी दर स्थिरांक गुणिले काळ, इतका येतो. हे तंतोतंत दुसऱ्या कोटीचे समीकरण आहे, त्यात कुठलेही सन्निकटन नाही. वितरण गॅमा प्रकारचे घेतले आणि त्याचा आकारदर्शक अंक दोन ठेवला तर दीड कोटी मिळते. हा अंक वाढवत नेला, म्हणजे संयुगे एकमेकांसारखी होत गेली, तर कोटी एककडे सरकते. हो आणि अॅरिस यांनी १९८७ साली या दिसणाऱ्या दुसऱ्या कोटीची गणिती चिकित्सा केली आहे, आणि पेट्रोलियमच्या जड अंशांसाठी दीड ते दोन ही कोटी कामकाजात नेहमीची आहे. त्यामुळे दोनला योगायोग म्हणण्याचे कारण नाही. तो मिश्रणाच्या विविधतेचा मापक आहे.

तुमच्या तेलात ही विविधता कोठून येते तेही पाहावे. वापरलेल्या इंजिन तेलातील गंधकाचे दोन वेगळे वंश असतात. एक मूळ बेस ऑइलमधला, विशेषतः ग्रुप एकच्या, म्हणजे कमी शुद्ध आणि जास्त गंधकाच्या: बेन्झोथायोफिन, डायबेन्झोथायोफिन आणि त्यांची लांब शेपट्यांची अल्किल रूपे. यांतील ज्यांच्या गंधकाच्या दोन्ही बाजूंना अल्किल गट येऊन बसलेले असतात, ती उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर गंधक टेकवूच शकत नाहीत. आधी शेजारचे अॅरोमॅटिक वलय हायड्रोजनने भरून वाकवावे लागते, तेव्हा कुठे कार्बन-गंधक बंध तुटतो. दुसरा वंश अॅडिटिव्हचा: झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट, सल्फोनेट डिटर्जंट आणि त्यांचे इंजिनात झालेले अवशेष. ऊर्ध्वपातनात यांचा बराचसा भाग खालच्या अवशेषात जातो, परंतु फुटून हलकी झालेली गंधकसंयुगे वरच्या अंशात येतात, आणि त्यांतील काही उत्प्रेरकाशिवाय, नुसत्या उष्णतेने मोडतात. एवढा पल्ला असलेल्या मिश्रणाने पहिल्या कोटीने वागावे अशी अपेक्षाच चुकीची ठरेल.

आता सक्रियण ऊर्जेकडे येऊ. तुमच्याच तापमानमालिकेला दुसऱ्या कोटीचे समीकरण लावा: ३०० अंशाला ०.७५, ३२० ला १.५२, ३४० ला २.९६ आणि ३६० ला ५.४५ प्रति तास. यावरून सक्रियण ऊर्जा जवळजवळ १०० किलोज्यूल प्रति मोल निघते, आणि गंधक काढण्याच्या अभिक्रियेसाठी तो पूर्णपणे मान्य होण्याजोगा आकडा आहे. एकाच एलएचएसव्हीवर तापमान वाढवत नेले की जास्त तापमानाला मागे राहिलेले गंधक अधिक हट्टी असते. पहिल्या कोटीचे समीकरण हा हट्टीपणा तापमानाच्या खात्यावर टाकते आणि म्हणून सक्रियण ऊर्जा ६१ वर दाबली जाते. तापमान बदलले तरी वितरणाचा आकार तसाच राहतो असे आपण येथे गृहीत धरतो, हे प्रबंधात नमूद करावे.

विसरणाचा ढोबळ हिशोब असा. बेडमधील रिकामी जागा ४० टक्के धरली तर ३४० अंशाचा २.९५ हा स्थिरांक कांडीच्या आकारमानावर सुमारे ४.९ प्रति तास, म्हणजे सेकंदाला ०.००१४ इतका होतो. तीन पाकळ्यांच्या १.३ मिलिमीटर कांडीचे आकारमान भागिले पृष्ठफळ सुमारे ०.२५ मिलिमीटर आणि छिद्रांतील परिणामी विसरणांक सेकंदाला ३ गुणिले १० चा उणे ६ वा घात चौरस सेंटिमीटर धरल्यास वाइस-प्रेटर अंक, म्हणजे अभिक्रियेच्या वेगाची छिद्रांतील विसरणाशी तुलना करणारा अंक, ०.३ च्या आसपास येतो. विसरणामुळे सक्रियण ऊर्जा निम्मी व्हायची तर हा अंक एकाहून बराच मोठा असावा लागतो. विसरणांकाचे गृहीतक तिप्पट चुकले तरीही चित्र पालटत नाही. समाधानासाठी कांड्या कुटून ०.३ मिलिमीटरच्या कणांवर एक प्रयोग करा. गंधकाचा आकडा तोच आला तर हा मुद्दा मिटला.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. तुमचा बेड जेमतेम १८ सेंटिमीटर उंच आहे, त्यामुळे एलएचएसव्ही १ ला तेल तासाला १८ सेंटिमीटर वेगाने झिरपते. कारखान्यात त्याच एलएचएसव्हीवर ८ मीटरच्या बेडमधून ते तासाला ८ मीटर जाते. इतक्या संथ प्रवाहात सगळ्या कांड्या नीट भिजत नाहीत, आणि एलएचएसव्ही कमी करावा तसा वेग आणखी घटतो. हेन्री आणि गिल्बर्ट यांनी १९७३ साली बेडमध्ये धरून राहणाऱ्या द्रवावरून दाखवले की अशा रिअॅक्टरमध्ये पहिल्या कोटीची अभिक्रियासुद्धा एलएचएसव्हीच्या उणे एक घाताने न वागता उणे दोन तृतीयांश घाताने वागू शकते. दर स्थिरांक तुमच्यासारखाच घसरताना दिसतो आणि दोष मात्र प्रवाहाचा असतो. तुमच्या आकड्यांतून हा घात २ ते १ या टप्प्यात ०.६१ आणि १ ते ०.५ या टप्प्यात ०.४८ निघतो, म्हणजे दोन तृतीयांशपेक्षाही कमी. एकटा प्रवाह सगळे स्पष्ट करत नाही, पण त्याचा वाटा असू शकतो.

हे सोडवणारा प्रयोग सोपा आहे. बेड दुप्पट करा आणि तेलही दुप्पट सोडा, म्हणजे एलएचएसव्ही १ च राहील आणि वेग दुप्पट होईल. प्रवाह दोषी असेल तर बेडच्या लांबीच्या एक तृतीयांश घातानुसार १०१० चा आकडा ७०० पर्यंत उतरेल. मिश्रणाची विविधता हेच कारण असेल तर तो हलणार नाही.

तैलपुनर्शोधक

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण त्यात उत्प्रेरक पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत तसाच राहिला असे धरले आहे. वापरलेल्या तेलावर काम करणाऱ्याने ते कधीच धरू नये.

मी पुनर्शोधन प्रकल्पात काम करतो. आमच्याकडेही पातळ थरांच्या बाष्पकातून काढलेला अंशच हायड्रोट्रीटरला जातो, तरीही त्यात फॉस्फरस आणि सिलिकॉन येतातच. सिलिकॉनचे लोकांना नवल वाटते. इंजिन तेलात फेस येऊ नये म्हणून सिलिकोन घातलेले असते. ते उष्णतेने मोडून वलयाकार सिलोक्सेन बनतात, ऊर्ध्वपातनात तेलाबरोबर वर चढतात आणि अॅल्युमिनाच्या पृष्ठभागावर पक्के बसतात. हवेत जाळून उत्प्रेरकावरचा कोक काढता येतो, सिलिकॉन काढता येत नाही. म्हणून मुख्य उत्प्रेरकाच्या वर मोठ्या छिद्रांचा, कमी क्रियाशील असा गार्ड बेड, म्हणजे अशुद्धी आधीच अडवणारा संरक्षक थर, ठेवावाच लागतो. तो कधी भरला हे आम्ही दाबातील फरकावरून ओळखत नाही. मुख्य बेडच्या सर्वांत वरच्या थर्मोकपलवरची तापमानवाढ नाहीशी होऊन खालच्या थर्मोकपलवर सरकू लागली की अभिक्रिया वरच्या थरात होत नाही हे समजते. क्लोरीनही विसरू नये. ते हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन नायट्रोजनपासून बनलेल्या अमोनियाशी जुळते आणि थंड होणाऱ्या भागात अमोनियम क्लोराइडचा पांढरा थर धरतो. प्रयोगशाळेतल्या बारीक नळीत तो दाब वाढवून तुमचा प्रयोग अर्ध्यावर थांबवू शकतो.

तुमच्या प्रश्नापुरता मुद्दा असा की प्रयोग कोणत्या क्रमाने झाले? एलएचएसव्ही २ ने सुरुवात करून ०.५ ने शेवट केला असेल, तर उत्प्रेरक मधल्या काळात थकत गेला म्हणूनही पहिल्या कोटीचा स्थिरांक घसरलेला दिसेल, आणि त्यातून दुसरी कोटी आपोआप उभी राहील. प्रत्येक मालिकेनंतर मूळ स्थितीला परत येऊन एक नमुना घेतला आहे का? त्याशिवाय निष्क्रिय सिलिकॉन कार्बाइड भरून, उत्प्रेरकाविना, एक कोरा प्रयोगही हवा, म्हणजे नुसत्या उष्णतेने किती गंधक जाते ते वेगळे काढता येईल.

तुमचे निष्कर्ष तुमच्याच पद्धतीच्या प्रकल्पांना लागू आहेत, हेही प्रबंधात लिहा. अमेरिकेतील इंडियाना राज्यात ईस्ट शिकागो येथे सेफ्टी-क्लीनचा जो मोठा प्रकल्प आहे तो आधी ऊर्ध्वपातन आणि मग हायड्रोट्रीटमेंट असाच चालतो. जर्मनीत झाइट्स येथे मात्र यूओपी या कंपनीची हायल्यूब पद्धत आहे; तेथे वापरलेले तेल तापलेल्या हायड्रोजनयुक्त वायूत सोडतात, जड अवशेष लगेच वेगळा काढतात आणि तेलाची वाफ तशीच गार्ड बेडकडे आणि पुढच्या उत्प्रेरकाकडे नेतात. कांड्या भिजणे, झिरपण्याचा वेग, हे तुमचे प्रश्न तेथे याच रूपात उद्भवत नाहीत.

गंधकमापक

दोन गोष्टी राहिल्या आहेत.

पहिली मोजमापाची. रिअॅक्टरमधून दाबाखाली बाहेर आलेल्या तेलात हायड्रोजन सल्फाइड विरघळलेला असतो आणि गंधक मोजणारे यंत्र त्यालाही गंधकच समजते. तेलातून पुरेसा वेळ नायट्रोजन सोडला नाही तर सर्व आकडे फुगतात, आणि सर्वांत कमी आकडा प्रमाणाने सर्वांत जास्त फुगतो, म्हणजे दीर्घ संपर्ककाळालाच अभिक्रिया मंदावल्याचा आभास होतो. नायट्रोजनबरोबर बाहेर पडणाऱ्या वायूत ओला लेड अॅसिटेट कागद धरावा. तो काळा पडणे थांबले की नमुना तयार झाला असे समजावे.

दुसरी गोष्ट निरोधाची. ४००० पीपीएम गंधक पूर्ण निघाले तर एक घनमीटर तेलातून सुमारे २.४ नॉर्मल घनमीटर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तुमच्या ४०० च्या वायूप्रमाणात आणि ६० बार दाबाला त्याचा आंशिक दाब ०.३६ बारच्या आसपास जातो. थेट कार्बन-गंधक बंध तोडणाऱ्या मार्गाला एवढा हायड्रोजन सल्फाइड निश्चित जाचतो. बेडच्या वरच्या टोकाला तो जवळपास नसतो आणि खाली तो साचत जातो, त्यामुळे अभिक्रिया पुढे जाईल तशी स्वतःलाच अडवते आणि दिसणारी कोटी वर सरकते. डिस्पर्संट आणि अमीन वर्गातील अँटिऑक्सिडंटमधून आलेला नायट्रोजन नेमका उलट वागतो. तो वरच्या टोकाला जास्त अडवतो आणि निघून जाईल तसा वाट मोकळी करतो. दोन्ही परिणाम एकमेकांना किती खातात हे एलएचएसव्हीच्या तीन आकड्यांवरून सांगता येणार नाही. तेलात वजनाने ०.५९ टक्के डीएमडीएस मिसळा. त्यातून आणखी ४००० पीपीएम गंधक येते, ते रिअॅक्टरमध्ये शिरताच हायड्रोजन सल्फाइड होते आणि तेलातील मूळ संयुगे बदलत नाहीत. बाहेरच्या तेलातील गंधक वाढले तर निरोध खरा.

मृण्मयी_केमिकल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विचारलेली माहिती देते.

एलएचएसव्हीची मालिका २, १, ०.५ याच क्रमाने झाली आणि तापमानाची मालिका त्यानंतर. सर्व प्रयोग संपल्यावर ३४० अंश आणि एलएचएसव्ही १ ला परत येऊन नमुना घेतला होता, त्यात १०१० ऐवजी १०९० पीपीएम मिळाले. दुसऱ्या कोटीने हिशोब केला तर क्रियाशीलता २.९६ वरून २.६७ वर, म्हणजे सुमारे दहा टक्क्यांनी घटली. सर्व नमुन्यांतून नायट्रोजन सोडूनच गंधक मोजले आहे. सिलिकॉन कार्बाइडवरील कोऱ्या प्रयोगात ३४० अंशाला ४००० चे ३८०० पीपीएम झाले.

बेड दुप्पट करणे मात्र शक्य नाही, कारण भट्टीचा समतापमान भाग ३५ सेंटिमीटर लांब नाही. दुसरा काही उपाय आहे का?

जुना_रिफायनरीवाला

बेड निम्मा करा. १० मिलिलिटर ताजा उत्प्रेरक आणि तासाला १० मिलिलिटर तेल. प्रवाहाचा दोष असेल तर १०१० चे १३४० पीपीएम व्हायला हवेत. फरक ओळखण्यास तेवढे अंतर पुरे आहे.

उत्प्रेरक थकण्याचा मुद्दा तुमच्या १०९० च्या आकड्याने जवळपास निकालात निघतो. संपूर्ण कामात दहा टक्के घट झाली असताना एलएचएसव्हीच्या पहिल्या मालिकेतच पहिल्या कोटीचा स्थिरांक १.८१ वरून ०.९६ वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येण्याचे खापर तिच्यावर फोडता येत नाही. उष्णतेने जाणारे गंधकही पाच टक्केच आहे. तापमानमालिकेत मात्र ही घट थोडी मिसळलेली असणार, म्हणून सक्रियण ऊर्जा लिहिताना दुरुस्ती करून आणि न करून, असे दोन्ही आकडे द्या.

मृण्मयी_केमिकल

निम्म्या बेडचा प्रयोग पूर्ण झाला. नवा उत्प्रेरक त्याच पद्धतीने सल्फाइड करून ३४० अंश, ६० बार, एलएचएसव्ही १ वर १०६० पीपीएम मिळाले. डीएमडीएसचा प्रयोग अजून व्हायचा आहे.

मार्गदर्शकांना आकडे दाखवले. दुसरी कोटी प्रबंधात ठेवण्यास त्यांनी संमती दिली आहे, परंतु ग्रुप दोनचे बेस ऑइल मिळवण्यासाठी किती उत्प्रेरक लागेल याचा अंदाजही द्यावा असे त्यांनी सुचवले आहे. ग्रुप दोनसाठी गंधक ०.०३ टक्के, म्हणजे ३०० पीपीएमपर्यंत हवे. माझे आकडे ५९० ला थांबतात. एवढे पुढे जाणे योग्य ठरेल का?

जुना_रिफायनरीवाला

१०६० म्हणजे लांबीचा घात सुमारे ०.०५ आला. प्रवाहाला संपूर्ण दोष द्यायचा तर तो ०.३३ असता. तुमच्या दुसऱ्या कोटीचा फार मोठा भाग तेलातच आहे, रिअॅक्टरमध्ये नाही. त्यातही हायड्रोजन सल्फाइडचा वाटा किती, हे डीएमडीएसच्या प्रयोगानंतरच सांगता येईल. तोवर स्थिरांक देताना ६० बार आणि ४०० चे वायूप्रमाण त्याच वाक्यात लिहा, कारण त्यांच्यापासून वेगळा काढला तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

पुढे जाण्याविषयी तुम्ही विचारले ते महत्त्वाचे आहे, कारण समीकरण निवडण्याचे परिणाम तेथेच दिसतात. ४००० वरून ३०० पीपीएमला येण्यासाठी दुसऱ्या कोटीने ३४० अंशाला एलएचएसव्ही ०.२४ लागतो. पहिल्या कोटीने, मधला १.३८ हा स्थिरांक घेऊन, ०.५३ पुरतो. म्हणजे नुसत्या समीकरणाच्या निवडीवर उत्प्रेरकाचे आकारमान दुपटीहून अधिक बदलते. तुमच्या मार्गदर्शकांच्या मूळ मतानुसार रिअॅक्टर बांधला असता तर त्यातून ३०० पीपीएमचे तेल आले नसते. याच उत्प्रेरकावर ते ६०० पीपीएमच्या आसपास राहिले असते.

दुसरी कोटी मात्र थोडी निराशावादी आहे, हेही ध्यानात असू द्या. घातांकी वितरणात शून्याच्या अगदी जवळचे दर स्थिरांक असलेली संयुगेही येतात, आणि प्रत्यक्षात इतके निर्ढावलेले गंधकसंयुग नसते. सर्वांत हट्टी संयुगालाही काही ठरावीक वेग असतो, त्यामुळे बऱ्याच खाली गेल्यावर मिश्रण पुन्हा पहिल्या कोटीकडे वळते. हे वळण ३०० पीपीएमच्या वर येते की खाली, ते ठरवण्यासाठी एलएचएसव्ही ०.२५ चा एक प्रत्यक्ष बिंदू घ्या. तासाला ५ मिलिलिटर तेल जाईल. पंप तेवढे स्थिर देतो की नाही ते मात्र मोजनळीत तेल धरून आधी तपासा. तो बिंदू मिळेपर्यंत तुमच्या अंदाजाला ०.२४ ते ०.५३ या पट्ट्यातील सावध टोक म्हणावे, त्याहून अधिक काही नाही.

तैलपुनर्शोधक

उत्प्रेरक वाढवण्याऐवजी तापमान वाढवून चालेल असे कोणीतरी सुचवेल, म्हणून आधीच लिहितो. एलएचएसव्ही ०.५ ठेवून ३०० पीपीएम हवे असेल तर तुमच्या १०० किलोज्यूलवरून सुमारे ३६४ अंश लागतात. कागदावर ते ठीक दिसते. प्रकल्पात मात्र उत्प्रेरक थकेल तसे तापमान चढवतच जावे लागते, आणि ३६४ नेच सुरुवात केली तर चढायला जागा राहत नाही. त्या पट्ट्याच्या पुढे तेलाच्या लांब साखळ्या तुटू लागतात, १०० अंशाची व्हिस्कॉसिटी उतरते आणि फ्लॅश पॉइंट खाली येतो. शिवाय अॅरोमॅटिक वलयांचे हायड्रोजनीकरण उष्मादायी आणि उलटसुलट दोन्ही बाजूंनी होणारे असल्याने तापमान वाढेल तसा समतोल त्याच्या विरुद्ध झुकतो, आणि ग्रुप दोनसाठी गंधकाबरोबरच ९० टक्के सॅच्युरेट (संपृक्त हायड्रोकार्बन) ही हवे असतात. हट्टी गंधकसंयुगांनाही वलय आधी भरणारा हाच मार्ग लागतो, हे वर आलेच आहे.

आमच्याकडे अशा वेळी एलएचएसव्ही ०.३ च्या आसपास घेतात, त्याला तुमच्या आकड्यांवरून सुरुवातीचे तापमान ३४७ अंश येते, आणि दाब ६० ऐवजी ८० बारच्या पुढे ठेवतात. प्रबंधात एक प्रयोग ८० बारवर करता आला तर करा. दर नमुन्यात गंधकाबरोबर व्हिस्कॉसिटी आणि फ्लॅश पॉइंट मोजून ठेवा. ३६० अंशाचे तुमचे नमुने अजून बाटल्यांत असतील तर त्यांच्यापासूनच सुरुवात करता येईल.